कॉलेजात जीव रमेना: कमवा शिका, एनएसएस की अजून काही?

विंचरणाकाठची | ६ ऑगस्ट, रात्री ११:१०

नमस्कार सगळ्यांना. पहिलाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात असेल तर अ‍ॅडमिननी हलवावा.

मी पाटोदा तालुक्यातली, जिल्हा बीड. बीएस्सी बीडलाच केलं आणि आता एमएस्सी बॉटनीला पुण्यात आलेय. कॉट बेसिसवर राहते, रूमवर चौघीजणी आहोत पण बाकी तिघी एमपीएससीच्या, सकाळी अभ्यासिकेत जातात त्या रात्री जेवूनच येतात, आमचं बोलणं म्हणजे लाइट बंद करू का आणि उद्या पाण्याचा जार कोण सांगणार एवढंच. वर्गात निम्मी पोरं इथल्याच बीएस्सीची, त्यांचे ग्रुप आधीपासूनचे. कुणी वाईट वागत नाही, विचारलं तर नोट्स पण देतात, पण प्रॅक्टिकल संपलं की ते सगळे पार्किंगकडे जातात आणि मी बसस्टॉपवर. रविवारी तर कधी कधी मेसच्या काकूंशिवाय कुणाशीच बोलणं होत नाही.

कॉलेजच्या नोटीस बोर्डवर कमवा आणि शिका योजनेचे, म्हणजे कॉलेजातच काम करून मानधन मिळवायच्या योजनेचे, फॉर्म सुटलेत असं लावलंय. शेजारीच एनएसएसची (राष्ट्रीय सेवा योजना) नोटीस पण आहे. घरची परिस्थिती अशी आहे की पप्पा पैसे पाठवतात पण दर वेळी मागताना जड जातं, म्हणून कमवा शिका करावं वाटतं, पण खरं सांगायचं तर पैशापेक्षा जास्त मला कॉलेजात कुणीतरी ओळखीचं हवंय. मैत्रीण म्हणाली कमवा शिका म्हणजे टेबलं पुसायला लावतात आणि सगळ्यांना कळतं तुझी परिस्थिती काय आहे ते.

ज्यांनी केलंय त्यांनी सांगा. काम काय असतं, अभ्यास होतो का, आणि माणसं खरंच जोडली जातात का? की सरळ बाहेर पार्टटाइम बघू? दादा ताई सगळ्यांचे आधीच आभार.


जुनं_हॉस्टेल | ६ ऑगस्ट, रात्री ११:४८

ताई आधी फॉर्म भर, मग बाकीचा विचार कर. तारीख गेली की वर्ष गेलं.

मी एमए करताना दोन्ही वर्षं योजनेत होतो, कॉलेजच्या लायब्ररीत. आमच्याकडे दिवसाला जास्तीत जास्त तीन तास काम असायचं आणि ते तास आपल्या लेक्चरच्या वेळा बघून ठरवता यायचे. दर विद्यापीठ ठरवतं आणि मधूनमधून बदलतो त्यामुळे आत्ताचा आकडा ऑफिसातच विचार. पैसे थेट बँक खात्यात येतात. कॉलेजमध्ये विद्यार्थी विकास अधिकारी म्हणून एक प्राध्यापक नेमलेले असतात, आधी त्यांना गाठ, उत्पन्नाचा दाखला, मार्कलिस्ट, पासबुकची झेरॉक्स असं सगळं एका फायलीत घेऊन जा म्हणजे हेलपाटे वाचतात.

आता काम काय असतं ते. लायब्ररीत परत आलेली पुस्तकं ट्रॉलीवर भरायची आणि नंबरप्रमाणे रॅकला लावायची, ८९१.४६ म्हणजे मराठी साहित्य हे मला अजून झोपेत विचारलं तरी सांगता येईल. पहिला आठवडा मी कुणाशी बोललो नाही. मग इश्यू काउंटरला बसवलं, आणि तिथं बसलं की अख्खं कॉलेज तुमच्या समोरून जातं. कोण काय वाचतं ते कळायला लागतं, फिजिक्सची एक मुलगी दर शनिवारी कवितासंग्रह न्यायची, एक दिवस मी नवीन आलेला संग्रह तिच्यासाठी बाजूला काढून ठेवला आणि तिथून आमची जी गट्टी जमली ती आजपर्यंत आहे, तिच्या घरच्या प्रत्येक कार्याला मी हजर असतो. ओळख करून घ्यायला मला काही वेगळं करावं लागलं नाही, कामच तसं होतं.

म्हणून माझं सांगणं एकच, फॉर्म भरताना काम कुठलं मिळेल ते विचार आणि शक्यतो जिथं माणसं येतात जातात असं काम माग. लायब्ररी, लॅब, जिमखाना, विद्यार्थी सुविधा केंद्र, हे चांगलं. एकट्यानं बसून रजिस्टरमध्ये आकडे भरायचं काम मिळालं तर पैसे तेच मिळतील पण तुझा जो मूळ प्रश्न आहे तो तसाच राहील.

आणि परिस्थिती कळते वगैरे म्हणणाऱ्या मैत्रिणीकडे लक्ष देऊ नको. आमच्या बॅचचे योजनेतले दोघं आज प्राध्यापक आहेत आणि ते हे वर्गात अभिमानानं सांगतात.


रोखठोक_कोल्हापूर | ७ ऑगस्ट, सकाळी ७:२०

मी दोन मुलांचा बाप म्हणून लिहितोय, राग मानू नये. एमएस्सीचं पहिलं वर्ष अवघड असतं. रोज तीन तास कामात, वर बसचा वेळ, मग एनएसएस, मग अजून ग्रुप, पोरीनं अभ्यास कधी करायचा? घरचे पोटाला चिमटा घेऊन शिकवतात ते डिग्रीसाठी. मित्रमैत्रिणी आपोआप होतात, त्यासाठी वेगळा उद्योग कशाला पाहिजे. नेट सेटची तयारी आत्तापासून धर बाळ, पुढं उपयोगी पडेल.


धनिणीची_बाग | ७ ऑगस्ट, सकाळी ९:०५

कोल्हापूरकर, तुमची काळजी रास्त आहे. मी पण बाप आहे, आता आजोबा झालोय. पण मित्र आपोआप होतात हे गावातल्या पोरांचं खरं, बाहेरगावाहून एकट्या आलेल्या पोरीचं नाही. तिनं वर काय लिहिलंय ते पुन्हा एकदा वाचा.

मी साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी कॉलेजात शिकलो. कर्मवीर अण्णांनी, म्हणजे भाऊराव पाटलांनी १९४७ साली काढलेलं कॉलेज. कमवा आणि शिका हे आज सरकारी योजनेसारखं वाटतं पण त्याची मुळं तिथं आहेत. अण्णांनी १९१९ ला काल्याला रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ ला ती साताऱ्याला आणली आणि तिथं जे बोर्डिंग चालवलं त्यात सगळ्या जातीधर्माची पोरं एका छपराखाली राहायची, एका पंगतीला बसायची, स्वयंपाक, झाडलोट, शेत, सगळं पोरांनीच करायचं. त्या काळात ही गोष्ट किती मोठी होती याचा आज अंदाज येणार नाही. अण्णांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातल्या पोरांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्र सुद्धा मोडलं. गांधीजी १९२७ ला बोर्डिंगात येऊन गेले. स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, हे वाक्य संस्थेच्या शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला पाठ आहे.

मला यातून सांगायचंय ते असं की काम हे फक्त फी भरायचं साधन म्हणून अण्णांनी लावलं नव्हतं. एकत्र काम केल्यावर एकमेकांबद्दलचा परकेपणा राहत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आमच्या वेळी पहाटे उठून शेतात पाणी धरायला जायचो, बरोबर एक माण तालुक्यातला धनगराचा पोरगा आणि एक कराडच्या व्यापाऱ्याचा. वाफ्यांची दारं मोडता मोडता एकमेकांच्या घरचं सगळं माहीत झालं. व्यापाऱ्याच्या पोराला कामाची गरज नव्हती, तो हौसेनं यायचा. वर्गात आम्ही तिघं वेगवेगळ्या बाकांवर बसायचो, कदाचित तीन वर्षांत नाव सुद्धा कळलं नसतं.

आणि अभ्यासाचं म्हणाल तर ठरावीक वेळ कामात गेला की उरलेल्या वेळेची किंमत कळते. रिकामी पोरं जास्त वेळ वाया घालवतात हे मी पुढं मास्तर म्हणून नोकरी करताना रोज पाहिलं. परीक्षेच्या तोंडावर मात्र तास कमी करून घ्यावेत, सर लोक अडवत नाहीत.

पोरी, लाज वाटू देऊ नको. फॉर्म भर.


रात्रपाळी | ७ ऑगस्ट, दुपारी २:३०

दुसरी बाजू पण कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून लिहितो. मला घरी पैसे पाठवावे लागायचे, वडील आजारी होते. कमवा शिकाच्या पैशात माझा मेसचा खर्च निघायचा, घरी पाठवायला काही उरायचं नाही, आणि आमच्या कॉलेजात ते मानधन तीन तीन महिने उशिरा यायचं. म्हणून मी ते सोडून एका मोबाइलच्या दुकानात संध्याकाळी लागलो. पैसे दुपटीहून जास्त मिळाले, वडिलांचं औषधपाणी झालं, त्याबद्दल मला काहीच खंत नाही.

पण कॉलेजचं म्हणशील तर मी तिथं फक्त हजेरीपुरता होतो. गॅदरिंग, ट्रिप, निरोप समारंभ, सगळ्या वेळी मी दुकानात. आज बॅचच्या ग्रुपवर फोटो येतात त्यात मी कुठंच नाही. तुला घरी पैसे पाठवायचे नसतील, फक्त स्वतःचा खर्च हलका करायचा असेल, तर कॉलेजच्या आतलंच काम घे. पैसे कमी मिळतील पण वेळ कॉलेजात जाईल. आणि उशिरा मानधन येण्याची तयारी ठेव, पहिले दोन महिने त्या पैशावर अवलंबून राहू नको.


शिबिरवाले_सर | ७ ऑगस्ट, रात्री ९:१५

मी नाशिक जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो, बरीच वर्षं एनएसएसचा कार्यक्रम अधिकारी होतो, म्हणून त्या बाजूनं जरा सविस्तर लिहितो.

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ साली, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. वर्षाला १२० तास नियमित काम, असे दोन वर्षांत २४० तास, आणि एक सात दिवसांचं निवासी शिबिर, एवढं पूर्ण झालं की प्रमाणपत्र मिळतं. पीजीच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो का ते तुझ्या कॉलेजच्या युनिटला विचार, बहुतेक ठिकाणी भर पदवीच्या मुलांवर असतो. पण जागा असेल तर सोडू नकोस, खास करून शिबिरासाठी.

तास भरणं वेगळं आणि शिबिर वेगळं. शिबिर साधारण डिसेंबर जानेवारीत असतं, दत्तक घेतलेल्या गावात. झेडपीच्या शाळेत मुक्काम, पहाटे प्रभातफेरी, मग श्रमदान, दुपारी व्याख्यान, गटचर्चा, संध्याकाळी गावकऱ्यांबरोबर कार्यक्रम. मुलांचे गट पाडतो तेव्हा मी मुद्दाम एका वर्गाची मुलं एका गटात येऊ देत नसे. भोजन गटाची पाळी आली की ज्यांनी घरी कधी चहा केला नाही त्यांना शंभर माणसांची खिचडी करायची असते आणि तिथं गावाकडच्या मुलामुलींना जो मान मिळतो तो बघण्यासारखा असतो. चूल कशी पेटवायची, ओलं सरपण कसं लावायचं हे त्यांनाच येतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी एक मुलगी दुसऱ्या दिवशी भोजन गटाची प्रमुख झाली होती आणि कॉमर्सची टगी पोरं तिला विचारून मीठ टाकत होती.

श्रमदानात आम्ही बहुतेक वेळा वनराई बंधारे घातले. पाऊस संपला की ओढ्याला थोडं पाणी वाहत असतं, ते अडवायचं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या गोळा करायच्या, त्यात वाळू माती भरायची, तोंडं शिवायची आणि विटा रचतात तशा सांधा मोडून एकावर एक लावत जायचं. गोणी एकट्याला उचलत नाही, साखळी करून हातोहात द्यावी लागते. दुपारपर्यंत बंधाऱ्यामागं पाणी तुंबायला लागतं आणि गावातली बाई येऊन म्हणते, आता गुरांना पाणी राहील काही दिवस. त्यानंतर त्या मुलांना एकमेकांची ओळख करून द्यावी लागत नाही.

तेव्हा विंचरणाकाठची, दोन्ही कर असंच मी म्हणेन. कमवा शिका रोजचं आहे, शिबिर वर्षातून एकदा.


स्पष्टवक्ता७७ | ७ ऑगस्ट, रात्री १०:०२

सर तुमच्याकडे असेल तसं. आमच्याकडे एनएसएस म्हणजे झाडू हातात घेऊन फोटो आणि तासांच्या वहीत सह्या. आख्ख्या वर्षात एक झाड लावलं, ते पण वाळलं.


शिबिरवाले_सर | ७ ऑगस्ट, रात्री १०:२६

असं होतं, नाकारत नाही. कार्यक्रम अधिकारी कोण आहे त्यावर पुष्कळ अवलंबून असतं. म्हणूनच नाव नोंदवण्याआधी मागच्या वर्षीच्या दोन स्वयंसेवकांना गाठून विचारावं, शिबिर कुठं झालं, काय काम केलं, सर स्वतः मुक्कामाला होते का. हा शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. जे सर मुलांबरोबर सात रात्री शाळेच्या फरशीवर झोपतात त्यांचं युनिट चांगलं असतं.


तिसरी_घंटा | ८ ऑगस्ट, दुपारी १:१०

पुण्यात आहेस आणि नाटकाचं कुणी बोललंच नाही अजून?

पुरुषोत्तम करंडक, १९६३ पासून महाराष्ट्रीय कलोपासक घेतंय, भरत नाट्य मंदिरात कॉलेजच्या एकांकिका होतात आणि बाहेर अरे आव्वाज कुणाचा सुरू झालं की अंगावर काटा येतो. आत्ता ऑगस्टमध्ये तालमींचा कहर चालू असतो. तू म्हणशील मला अभिनय येत नाही. नको यायला. स्टेजवर असतात थोडे आणि मागे राबणारे त्याहून जास्त. लेव्हल (स्टेजवरचे चौथरे) उचलणारे, विंगेत प्रॉपर्टी (नाटकातल्या वस्तू) धरून उभे राहणारे, कपडेपट सांभाळणारे, लाइट ऑपरेट करणारे, म्युझिक देणारे, तालमीला चहा आणि वडापाव आणणारे. ही सगळी टीमच असते.

मी इंजिनिअरिंगला पहिल्या वर्षी प्रॉपर्टी बघायचो. एका एकांकिकेत म्हातारी कंदील लावते असा प्रसंग होता, तो कंदील काळोखात नेमक्या जागी ठेवायचं माझं काम. मोजकी सेकंदं ब्लॅकआउट, त्यात अंदाजानं चालत जायचं, जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची खूण शोधायची, कंदील ठेवायचा आणि लाइट यायच्या आत विंगेत परत. बाकी प्रेक्षकांना मी दिसलो सुद्धा नाही पण त्या म्हातारीचं काम करणारी मुलगी प्रयोग झाल्यावर आधी माझ्याकडे आली, म्हणाली कंदील जागेवर होता म्हणून मी रडू शकले. मला तेव्हा कळलं की आपली इथं गरज आहे. कॉलेजात आल्यापासून कुणाला तरी माझी गरज आहे असं पहिल्यांदा वाटलं होतं.

एक सांगतो, तालमी रात्री उशिरापर्यंत चालतात. मुलींना सोडायला कोण जाणार हे चांगल्या टीममध्ये आधीच ठरलेलं असतं, पहिल्याच दिवशी विचार, लाजू नको. ते ठरलेलं नसेल तर त्या टीममध्ये जाऊ नको. आणि उशिरा जमत नसेल तर मराठी वाङ्मय मंडळ बघ, भित्तिपत्रक काढतात, त्याचं काम दुपारीच असतं.


मिसिसिपीचा_सांगलीकर | ८ ऑगस्ट, रात्री ११:५५

धागा पुण्याचा आहे पण अमेरिकेत एमएसला येणारे पुष्कळ जण इथं वाचतात, या महिन्यात बरीच पोरं विमानात बसतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहून ठेवतो.

एफ वन व्हिसावर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत आणि फक्त कॅम्पसवरच काम करता येतं, सुट्टीत पूर्णवेळ चालतं. कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय, रोखीनं, ओळखीच्या माणसाच्या दुकानात, असलं काही करायचं नाही, कुणी कितीही सांगितलं तरी. पकडलं तर शिक्षण सोडून परत यावं लागेल. काम मिळाल्याचं पत्र हातात आलं की मग सोशल सिक्युरिटी नंबर काढायचा. जाहिरातीत वर्क स्टडी लिहिलेलं असेल तर ती जागा सरकारी आर्थिक मदत मिळणाऱ्या तिथल्या विद्यार्थ्यांसाठी असते, आपल्यासाठी नाही, त्यात वेळ घालवू नका.

पहिल्या सेमिस्टरला सहसा डायनिंग हॉलच मिळतो. मी भांडी धुण्याच्या मशीनवर होतो. माझं इंग्रजी कागदावर चांगलं होतं पण तिथली पोरं भराभर बोलायची ते कळायचं नाही, आणि मशीनच्या आवाजात तर अजिबात नाही. तिथं एक व्हिएतनामी मुलगा आणि एक तिथल्याच शेतकऱ्याची मुलगी माझ्या शिफ्टला असायचे. ती मक्याच्या शेतीबद्दल बोलायची, मी उसाबद्दल, कारखान्याला ऊस गेला की पैसे कधी येतात यावर मी तिला जे सांगितलं ते ऐकून तिनं मला थँक्सगिव्हिंगला घरी जेवायला नेलं. डिपार्टमेंटमधल्या कुणी नेलं नव्हतं.

फॉल सेमिस्टरच्या सुरुवातीला सगळ्या विद्यार्थी संघटना मैदानात टेबलं मांडून बसतात. त्या दिवशी जाच. आपली इंडियन असोसिएशन असतेच, गणपती दिवाळी तिथं होते, जवळ महाराष्ट्र मंडळ असेल तर तिथं पुरणपोळी पण मिळते, ते हवंच, घर सोडून लांब आल्यावर आपली भाषा कानावर पडणं ही मोठी गोष्ट आहे. पण त्याखेरीज एक तरी गट असा धरा की जिथं तुम्ही एकटेच मराठी असाल. हायकिंग असेल, बागकाम असेल, सायकल दुरुस्ती असेल.


एल्बेकाठी | ९ ऑगस्ट, पहाटे ४:३०

जर्मनीचं थोडक्यात. इथं विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं, २०२४ च्या मार्चपासून हा आकडा वाढवलाय. बहुतेक आपली पोरं गोदामात पार्सल भरायला जातात कारण भाषा लागत नाही. त्यापेक्षा प्रोफेसरांकडे हिवी म्हणून लागता येतं का ते आधी बघा, म्हणजे विद्यार्थी सहायक, लॅबचं किंवा ट्यूटोरियलचं काम. इन्स्टिट्यूटच्या नोटीस बोर्डावर जागा लागतात पण निम्म्या तोंडी भरल्या जातात, म्हणून लेक्चरनंतर थांबून विचारायचं.

आणि प्रत्येक विभागात फाखशाफ्ट असतो, विद्यार्थ्यांनीच चालवलेला, जुने पेपर तिथं मिळतात, नवीन आलेल्यांचा पहिला आठवडा तेच घेतात. मी दुसऱ्या सेमिस्टरला तिथं ग्रिलच्या कार्यक्रमात भाज्या कापायला गेले आणि मग दर आठवड्याच्या बैठकीला बसायला लागले, माझं जर्मन क्लासपेक्षा तिथं सुधारलं.

मिसिसिपीचा_सांगलीकर यांचं शेवटचं वाक्य मनापासून पटलं.


विंचरणाकाठची | २६ ऑगस्ट, रात्री १०:२०

सगळ्यांचे किती आभार मानू कळत नाही. एवढं कुणी सविस्तर लिहील असं वाटलं नव्हतं. पप्पांना धनिणीची_बाग आजोबांची पोस्ट फोनवर वाचून दाखवली, ते म्हणाले पुन्हा वाच.

फॉर्म भरला. जुनं_हॉस्टेल दादांनी सांगितल्याप्रमाणे सरांना काम कुठलं ते विचारलं तर म्हणाले तू बॉटनीची आहेस तर आपल्याच डिपार्टमेंटच्या हर्बेरियममध्ये ये. आधी वाटलं इथं कुणी येणार नाही, माणसं कशी भेटणार. काम असं आहे की गोळा करून आणलेल्या वनस्पती कागदात दाबून ठेवलेल्या असतात, त्यांचे ब्लॉटिंग पेपर बदलायचे नाहीतर पावसाळ्यात बुरशी धरते, वाळल्या की जाड कागदावर चिकटवायच्या, लेबल लिहायचं, कुठं सापडली, कधी, कुणी. माझं अक्षर बरं आहे म्हणून लेबलं माझ्याकडे. तिथं टीवायची दोन मुलं आणि एक पीएचडीची ताई असते. परवा त्यांनी टाकळा आणला होता आणि त्याचं शास्त्रीय नाव वगैरे चाललं होतं, मी सहज म्हणाले याची भाजी कोवळी असतानाच करतात, लसूण मिरची घालून, आमच्याकडे पहिल्या पावसानंतर आई रोज करते, तर त्या टीवायच्या मुलांनी हे कधी खाल्लेलंच नव्हतं. मग कुर्डू, तांदुळजा, चिघळ, मी सांगत गेले आणि ताई लिहून घेत गेल्या. आता त्यांचं म्हणणं आहे की कॅम्पसवरच्या रानभाज्या दाखवायला एक फेरी काढू आणि ती मी घ्यायची. सात आठ जण येतो म्हणालेत, त्यात माझ्या वर्गातल्या दोघी पण आहेत ज्यांच्याशी मी जुलैपासून बोलले नव्हते.

एनएसएसला पीजीचं घेत नाहीत म्हणाले पण शिबिराला मदतनीस म्हणून चालेल असं तिथल्या मॅडम म्हणाल्या.

आता नवीन प्रश्न. ही फेरी दर पंधरा दिवसांनी करावी असं सगळ्यांना वाटतंय. आम्हाला असा गट अधिकृत करता येतो का? परवानगी कुणाची लागते? पैसे काही नकोत, फक्त कॅम्पसच्या मागच्या बाजूला सिक्युरिटीवाले जाऊ देत नाहीत.


रोखठोक_कोल्हापूर | २६ ऑगस्ट, रात्री १०:५०

वाचून बरं वाटलं बाळ. हे काम तुझ्या विषयातलंच आहे म्हणजे अभ्यासात पण भरच. मी माझ्या धाकट्यालाही फॉर्म भरायला सांगितलंय. आमच्याकडे चिघळीला घोळ म्हणतात, डाळ घालून करतात, तेही फेरीत सांग.


शिबिरवाले_सर | २७ ऑगस्ट, सकाळी ८:००

नवीन गट काढण्याच्या भानगडीत पडू नका, त्याला मंजुरीला वेळ जातो. बहुतेक कॉलेजांत निसर्ग मंडळ कागदावर असतंच, वार्षिक अहवालात त्याचं नाव शोधा आणि त्याचे समन्वयक कोण आहेत बघा. पुष्कळदा ते सर किंवा मॅडम कुणी मुलं येतात का याची वाट बघत असतात. त्यांच्याकडून प्राचार्यांच्या नावानं एक अर्ज करा, त्यात वार, वेळ, मार्ग, अंदाजे किती जण आणि बरोबर कोण शिक्षक हे लिहा, अर्जाची एक प्रत सिक्युरिटीच्या केबिनमध्ये द्या. त्या केबिनमधल्या काकांना फेरीला बोलवा, त्यातले निम्मे लोक खेड्यातले असतात, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त भाज्या माहीत असतील.

दोन गोष्टी काटेकोर पाळा. ओळख पक्की नसलेली कुठलीही वनस्पती कुणी तोंडात घालायची नाही, आणि रस्त्याकडेची किंवा फवारणी केलेल्या जागेची भाजी खुडायची नाही. हजेरीचा कागद ठेवा, फोटो थोडे काढा, वर्षाअखेरीस अहवाल लागतो तेव्हा शोधाशोध होत नाही.


जुनं_हॉस्टेल | २७ ऑगस्ट, सकाळी ९:३५

फेरीची नोटीस लायब्ररीच्या दारावर लाव, कॉलेजात सगळ्यात जास्त वाचला जाणारा बोर्ड तोच. आणि नोटिशीत सर्व शाखांसाठी खुलं असं मोठ्या अक्षरात लिही, नाहीतर बाकीच्यांना वाटतं हे बॉटनीवाल्यांचं काहीतरी चाललंय. कुठल्या रविवारी आहे ते इथं पण टाक, मी बायकोला घेऊन येतो.